सायीखालची नदी : व्हरमाँटमधले अकरा दिवस

तिकिटं काढताना मुलीने फोनवर दोनदा विचारलं, "बाबा, खरंच मार्चमध्ये येताय? जूनमध्ये या ना, सगळं हिरवंगार असतं." हिरवंगार मी कोकणात तीस वर्षं पाहिलंय, पावसाळ्याआधीची एक आणि पावसाळ्यानंतरची एक अशी वर्षाला दोनदा पुलांची पाहणी करत. मला गोठलेली नदी बघायची होती, आणि जमलं तर सुटताना. बायको म्हणाली, "लोक नायगारा बघायला जातात, तुम्ही पुलाचे खांब बघायला चाललाय." आता यावर काय बोलणार?

शनिवार

मुलगी-जावई अमेरिकेत हॅनोव्हरला राहतात. कनेक्टिकट नदीच्या अलीकडे न्यू हॅम्पशायर, पलीकडे व्हरमाँट. जेट लॅगमुळे पहाटे तीनला टक्क जागा होतो. उजाडल्यावर जावईबापूंनी गाडी काढली आणि आम्ही दहा मिनिटांत व्हाइट रिव्हर जंक्शनला पोहोचलो. इथे व्हाइट रिव्हर कनेक्टिकटला मिळते. ही नदी मला मुद्दाम बघायची होती, कारण तिच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. साधारण शंभर किलोमीटरची नदी, डोंगरातून सुटलेली थेट संगमापर्यंत मोकळी. तिच्यात बर्फ सुटला की त्याला अडवणारं कोणी नसतं. असतात ते फक्त पुलांचे खांब.

पुलाच्या पदपथावरून खाली वाकून पाहिलं. पहिली निराशा अशी की काही घडतच नव्हतं. पांढरी सपाट चादर, तिच्यावर कुठल्याशा प्राण्याच्या पावलांची ओळ. पण पाच मिनिटं बघत राहिल्यावर डोळा बसला. दोन्ही काठांना समांतर, काठापासून काही फुटांवर, लांबच लांब भेगा गेल्या होत्या. दूध तापवून ठेवलं आणि नंतर त्यातलं थोडं काढलं की साय कशी भांड्याच्या कडेला चिकटून राहते आणि मधला भाग खाली बसतो, तसंच. नदीचं पाणी जरा वर-खाली झालं की मधला बर्फ तरंगत वर-खाली होतो, काठाला चिकटलेला जागचा हलत नाही, मग त्या दोघांमध्ये बिजागरीसारखी भेग पडते. खांबांभोवती मात्र भेग नव्हती. तिथे बर्फाची जाड कॉलर घट्ट बसली होती.

त्या कॉलरकडे बोट दाखवून मी जावईबापूंना म्हणालो, "हे वाईट आहे." ते म्हणाले, "का? खांबाला आधारच मिळतोय की." ते सॉफ्टवेअरवाले आहेत, त्यांचा दोष नाही.

रविवार

कॉफीच्या दुकानात कागदी नॅपकिनवर गणित मांडलं. ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा दिवस गाळला तरी चालेल, पण माझ्या मते सहलीतला सगळ्यात मजेचा दिवस हाच.

उघड्या नदीत पाण्याला घासायला फक्त तळ आणि काठ असतात. वर हवा, तिचा अडसर नसल्यातच जमा. नदी गोठली की पाण्याला वरूनही एक छत मिळतं आणि ते छत खरखरीत असतं. रुंद नदीत ओला परीघ, म्हणजे पाणी जिला घासतं ती कड, जवळजवळ दुप्पट होतो. छताचा खरखरीतपणा तळाइतकाच धरला आणि वाहत्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र लावलं, तर तेवढंच पाणी वाहून न्यायला खोली १.३२ पट लागते. म्हणजे बर्फाचं छत मोकळं तरंगत असेल तर पाणी सुमारे एक तृतीयांश वर चढतं आणि सरासरी वेग उलट कमी होतो. इथपर्यंत जावईबापूंचं म्हणणं खरं: बर्फाने नदी मंदावते.

गोम पुढे आहे. छत काठाला आणि खांबाला चिकटलेलं असेल आणि वरच्या अंगाला पाऊस पडून पाणी वाढलं, तर छत वर उचललंच जात नाही. नदी नळ होते. दाबाखाली वाहणारं पाणी मिळेल तिथून वाट काढतं, आणि मिळण्यासारखी वाट एकच, खाली. शिवाय उघड्या नदीत सगळ्यात जास्त वेग पृष्ठभागाजवळ असतो. छत आलं की तो खाली सरकतो आणि छताची खालची बाजू तळापेक्षा खरखरीत असेल तर तळाच्या आणखी जवळ जातो. खांबाच्या वरच्या अंगाला धडकलेलं पाणी खाली बुडी मारतं आणि पायथ्याशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा करतं, हे कुठल्याही पुलाला होतं. त्यालाच आम्ही स्कावर म्हणतो, तळ खरवडला जाणं. बर्फाखाली त्याच भोवऱ्याला जास्त जोर मिळतो.

नोकरीत आम्ही स्कावरची खोली लेसीच्या सूत्राने काढायचो. लेसी हा इंग्रज अभियंता, आपल्याकडच्या कालव्यांवरून १९३० च्या सुमाराला त्याने हे बसवलं. सरासरी खोली काढायची, मधल्या खांबाला ती दुप्पट धरायची, काठच्या अबटमेंटला, म्हणजे पुलाच्या टोकाच्या टेकूला, १.२७ पट, आणि पाया त्याच्याही खाली न्यायचा. त्यात गाळाचा आकार आहे, पुराचा विसर्ग आहे. बर्फ नाही. कसा असणार, उत्तर भारतातल्या कालव्यांवर बसून?

नॅपकिन मी खिशात घातला. हिने तो संध्याकाळी धुवायला टाकला.

सोमवार

हॅनोव्हरमध्येच 'क्रेल' आहे, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची शीत प्रदेशांवरची प्रयोगशाळा, १९६१ पासूनची. ग्रीनलंडचं हिमावरण तळापर्यंत छेदून पहिला बर्फाचा गाभा १९६६ मध्ये यांनीच काढला. माझ्यासारख्याला आत सोडायचा प्रश्नच नव्हता. फाटक बघून परत आलो.

या लोकांनी १९९० च्या दशकात व्हाइट रिव्हरवर बर्फाचा जोर आणि स्कावर मोजायची उपकरणं बसवली होती. कल्पना सोपी आहे. तळात उभी तार पुरायची, तिच्यातून विजेचा स्पंद सोडायचा. पाणी संपून गाळ सुरू होतो तिथून स्पंदाचा काही भाग परत येतो. तो किती वेळाने आला यावरून तळ किती खाली आहे ते कळतं. खड्डा पडत गेला की परतीची वेळ बदलत जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पूलवाल्याला सांगावं लागत नाही. पूर चढताना खांबाशी खड्डा पडतो आणि पूर उतरताना वरून आलेला गाळ तोच खड्डा भरून टाकतो. नोव्हेंबरात आम्ही ओळंबा घेऊन होडीतून जायचो, तेव्हा तळ जिथल्या तिथे. वहीत नोंद: स्थिती समाधानकारक. जुलैच्या मध्यरात्री तिथे काय होतं ते वही सांगत नाही. आमच्याकडे खड्डा झाकायला गढूळ पाणी असतं, यांच्याकडे फूट-दीड फूट बर्फ. शिवाय भरलेला गाळ नुसता सैल पडलेला असतो, पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जाईल असा. ओळंब्याला ते कळत नाही.

मंगळवार

दक्षिणेकडे विंडसरला गेलो. तिथून कनेक्टिकट ओलांडून कॉर्निशला जाणारा लाकडी, छप्पर असलेला पूल आहे, १८६६ चा. दोन गाळे, मध्ये एकच दगडी खांब. दारावर पाटी: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. हिला पूल आवडला. "माळवदाच्या घरातून गाडी नेल्यासारखं वाटतं," म्हणाली. गंमत म्हणजे राज्यांची हद्द व्हरमाँटच्या काठाला लागून आहे, त्यामुळे पूल जवळपास सगळा न्यू हॅम्पशायरचा.

याच जागी आधी तीन पूल होते, तिन्ही नदीने नेले. छपराचं सगळे कौतुक करतात. मी खाली काठावर उतरलो, जावईबापू मागून "बाबा, घसराल" ओरडत होते.

काठावरची झाडं बघितली आणि तिथेच थांबलो. ज्या बाजूने नदी येते त्या बाजूची साल सोललेली. दुसरी बाजू धड. एका मेपलवर जखम माझ्या छातीपासून डोक्याच्या वर हातभर गेली होती. तिच्या कडेने झाडाने जाड ओठासारखी नवी साल वळवून आणली होती आणि त्या ओठाच्या आत आणखी एक जुनी, अर्धवट बुजलेली जखम. म्हणजे निदान दोनदा, वेगवेगळ्या वर्षी, माझ्या डोक्याइतक्या उंचीवरून बर्फाचे तुकडे घासत गेले. आपल्याकडे पुराची पातळी शोधायला आम्ही देवळाच्या भिंतीवरची चिखलाची रेघ बघायचो किंवा गावातल्या म्हाताऱ्याला विचारायचो. इथे झाडाला विचारायचं. खोडाच्या वलयांतून जखमेचं वर्षही काढतात.

बुधवार

हिमवृष्टी. घरीच.

नात नऊ वर्षांची आहे. "आजोबा, तुम्ही रोज पुलाखाली काय बघता?" मग स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. केकचा लांबट ट्रे, तळाला तिची खेळायची वाळू, मध्ये खांब म्हणून औषधाची रिकामी बाटली पुरली. ट्रे जरासा तिरका. नळ बारीक सोडला. बाटलीच्या पुढ्यात वाळूत वाटीसारखा खळगा पडला, बोटाचं एक पेर बुडेल एवढा. वाळू सारखी करून पुन्हा सुरुवात, या वेळी पाण्यावर थर्माकोलचा तुकडा नुसता तरंगत ठेवला. खळग्यात फारसा फरक नाही. तिसऱ्यांदा तिला तो तुकडा दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगितला आणि नळ तेवढाच ठेवला. पाणी मागे तुंबलं आणि थर्माकोलखालून एकदम सुटलं. बाटली आडवी.

"मी नाही पाडली!" ती म्हणाली. तिला वाटलं आजोबा रागावणार. तिची आई रागावली, कारण सिंकच्या जाळीत वाळू अडकली होती.

गुरुवार

माँटपेलियर, व्हरमाँटची राजधानी. वस्ती आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. विनूस्की नदी गावाच्या अंगावरून जाते. ११ मार्च १९९२ ला सकाळी सुटलेला बर्फ बेली अव्हेन्यूच्या पुलाशी येऊन अडकला आणि तासाभरात बाजारपेठेत पाणी शिरलं. पूर म्हणजे पाऊस, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मला हे दोनदा वाचावं लागलं होतं. पाणी तितकं नव्हतं, बूच बसलं होतं.

बर्फाचा असा बंधारा बसला की त्याच्या पोटात तुकडे थरावर थर कोंबले जातात आणि खालच्या बाजूला नावेच्या कण्यासारखा फुगवटा येतो. त्याच्या खाली उरलेल्या फटीतून सगळी नदी जाते. नेमका फुगवटा खांबापाशी आला तर कालच्या बाटलीसारखं. आणि बंधारा फुटला की मागे साठलेलं पाणी एकदम धावतं, वर बर्फाचे तुकडे घेऊन. खांबाच्या पायथ्याशी टाकलेले मोठे दगड, ज्यांना आम्ही पिचिंग म्हणतो, ते तुकडे घासून उचकटतात. पाया बोडका होतो.

दुपारी हार्डविकला वळसा घेतला. लमॉयल नदीत क्रेलच्याच आराखड्याने १९९४ मध्ये चार अजस्र ग्रॅनाइटचे ठोकळे बसवलेत, वरच्या अंगाला उतरते कापलेले. वाहत आलेला बर्फ गावाच्या आधीच त्यांच्यावर अडतो आणि पाणी बाजूच्या झाडीतल्या सखल जमिनीवरून वळसा घेऊन पुढे जातं. बूच बसायचंच असेल तर आमच्या जागी बसू दे, अशी ही तोडगेबाजी. दगडाची खाण जवळच आहे, त्यामुळे स्वस्तातही पडलं असावं. मला फार आवडलं. ना गेट, ना मोटर, ना ऑपरेटर.

परतताना वेस्ट डॅनव्हिलचं तळं. तिथले लोक बर्फावर सिमेंटचा ठोकळा ठेवतात, तो दोरीने काठावरच्या घड्याळाला जोडलेला. बर्फ विरघळून ठोकळा बुडाला की घड्याळ बंद, आणि ज्याने वेळ अचूक सांगितली त्याला बक्षीस. अलास्कात नेनाना गावी, तनाना नदीवर, हाच खेळ १९१७ पासून चालतो, तो रेल्वेच्या अभियंत्यांनी पैजेवर सुरू केला. अभियंते कुठलेही असोत, रिकामे बसले की हेच.

शुक्रवार

तीन तास गाडी चालवून न्यूयॉर्क राज्यात, फोर्ट हंटरजवळ. स्कोहारी क्रीक. नाव क्रीक, पण आपल्या मानाने चांगली नदी. ही बरोबर आली नाही, "तिथे काय आहे?" विचारलं आणि मी सांगितल्यावर नको म्हणाली.

५ एप्रिल १९८७, रविवार, सकाळ. पाऊस आणि वितळलेलं हिम मिळून नदी चढलेली. द्रुतगती मार्गावरच्या पुलाचा तिसरा खांब खाली बसला, त्याच्यावर टेकलेले दोन गाळे ऐंशी फूट खाली गेले. चार मोटारी आणि एक ट्रक. दहा माणसं. दीड-एक तासाने आणखी एक खांब आणि एक गाळा. पूल १९५४ ला सुरू झालेला. पाया उथळ, पाईल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) नाहीत, तळाच्या घट्ट मातीवर टेकवलेली रुंद फूटिंग, म्हणजे पायाची बैठक, आणि तिच्याभोवती दगडांचं पिचिंग. ती माती हिमयुगात बर्फानेच दाबून बसवलेली, खणताना पहारीला दाद न देणारी. पहिल्याच वर्षी, १९५५ मध्ये, मोठा पूर आला. पिचिंगचे दगड हळूहळू जात राहिले. तेहतीस वर्षं वरचा रस्ता उत्तम होता.

नव्या पुलाखाली उभं राहून मी बराच वेळ काही बोललो नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्या पुलावरून मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तुटलेल्या कमानी दाखवत होते आणि मी बघत होतो खालचं पाणी. सवय. तिथे बर्फ नव्हता, इथेही त्या सकाळी पूर होता, बर्फाचा बंधारा नव्हे. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्हीकडे तेवढंच दिसत होतं, म्हणजे काहीच नाही. स्कोहारीनंतर, १९८८ पासून, अमेरिकेत पाण्यावरच्या पुलांची स्कावरसाठी तपासणी सुरू झाली.

पलीकडेच जुन्या एरी कालव्याचा जलसेतू आहे, १८४० च्या दशकातला. चौदा कमानी होत्या, आता थोड्या उरल्यात. नदीच्या मधोमध अचानक संपतो. जावईबापूंनी फोटो काढले. येताना गाडीत कोणी गाणी लावली नाहीत.

शनिवार

सकाळी उणे दहा. जावईबापूंना खळाळाच्या जागी उघडं पाणी माहीत होतं, तिथे नेलं. पाण्यावर लापशीसारखा राखाडी लगदा वाहत होता. याला फ्राझिल म्हणतात. निरभ्र थंड रात्री खळाळतं पाणी शून्याच्या किंचित खाली उतरतं आणि त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात. त्या ज्याला टेकतील त्याला चिकटतात, तळाच्या दगडांनाही. ऊन चढलं की तळाला चिकटलेला तो बर्फ सुटून वर येतो. काठाशी आलेला एक लगदा मी काठीने ओढून घेतला. मूठभर स्पंज हातात घ्यावा तसा, आणि त्याच्या पोटात सुपारीएवढा गोटा घट्ट रुतलेला. पाण्याने ढकलला नव्हता, बर्फाने उचलून आणला होता. तोही तळाचाच माल. गोटा नातीला दिला.

दुपारी वारा फिरला. दक्षिणेचा, ऊबदार. रात्री पाऊस.

रविवार

पहाटे साडेचारला जाग आली ती आवाजाने नव्हे, फोनने. जावईबापू खालून कुजबुजले, "बाबा, चला, सुटतंय."

ढोबळ नियम असा की बर्फाच्या जाडीच्या दीड ते तीन पट पाणी वर चढलं की बर्फ सुटतो. पुलावर आणखी सात-आठ माणसं होती, एक बाई रात्रीच्या कपड्यांवर कोट घालून. उजाडेपर्यंत नुसता आवाज: मालगाडीचे डबे सांधताना होतो तसा, मधूनच फरशी ओढल्यासारखा. मग दिसायला लागलं. खोलीएवढे तुकडे, त्यांच्या कडा निळसर, एकमेकांवर चढत, उभे राहत, कोसळत येत होते. खांबाच्या धारेवर एक आपटला, पायाखाली पूल थरथरल्यासारखा वाटला, आणि तो दुभंगून दोन्ही बाजूंनी गेला. कॉलर कधी गेली ते कळलंच नाही. अर्ध्या तासात नदी तपकिरी आणि रिकामी. काठावर पुरुषभर उंच ढीग. लोक टाळ्या वाजवून घरी गेले.

मी खांबाच्या पायथ्याकडे बघत होतो, म्हणजे पाण्याकडे, कारण दुसरं काही दिसत नव्हतं.

सोमवार

विश्रांती. पाय दुखत होते. पुरणपोळ्या.

मंगळवार

रात्री बॉस्टनहून विमान. नातीने शेवटची मागणी केली: खड्डा मोजायचा. तिने लोकरीच्या दोऱ्याला दर फुटाला गाठ मारून ठेवली होती, चाळीस गाठी. वजन हवं होतं, माझ्या बॅगेचं कुलूप बांधलं. ही म्हणाली, "अहो, ते परत आणा."

पुलाच्या कठड्यावरून खांबालगत सोडलं. पाणी उतरलं होतं, पण ओढ होती. दोरा सरळ न राहता खालच्या अंगाला तिरका गेला. आम्हीही होडीतून याच कारणाने शिव्या घालायचो. तिने मोठ्याने गाठी मोजल्या. एकतीसला दोरा सैल पडला. "लागला!" मग पुन्हा ताणला गेला, बत्तीस, तेहतीस, सदतीस. मी म्हटलं, वर ओढ. कुलूप कशात तरी अडकलं होतं, बहुतेक पिचिंगच्या दगडांत. तिने हिसका दिला आणि लोकर तुटली.

बॅगेला नाडी बांधून आणली. कुलूप व्हाइट रिव्हरमध्ये आहे, एकतीस गाठींवर किंवा त्याच्याही खाली.